शिव्या घालायच्या कुणाला

आमच्या घरात फुटबॉलवरून तीन पिढ्या वाद चालू आहेत, आणि तिन्ही पिढ्यांत स्वतःच्या गावची टीम कुणाच्याच नशिबी आली नाही. आजोबांनी गोऱ्या पलटणींचे सामने पाहिले, थोरल्या काकांनी मुंबईच्या मिलवाल्यांचे, भाच्याने पुण्याच्या नारंगी जर्सीवाल्यांचे. तिघांची तक्रार मात्र एकच आणि शब्दही जवळपास तेच: टीम लावणाऱ्याला अक्कल नाही.

नाशिक हे तसं फुटबॉलचं गाव नव्हे. गोल्फ क्लबच्या मैदानावर (पाटीवर हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं आहे, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं) क्रिकेटचं राज्य. फुटबॉल होता तो देवळाली कॅम्पात आणि थोडाफार नाशिकरोडला. कॅम्पात फौज, नाशिकरोडला रेल्वे आणि नोटांची प्रेस. जिथे पगारी माणूस आणि मोकळं मैदान एकाच मालकाच्या हाती असतं तिथेच हा खेळ रुजतो, आणि त्या मालकाचं मन फिरलं की उपटला जातो, असं काकांचं म्हणणं. लहानपणी मला ती म्हाताऱ्या माणसाची कुरकुर वाटायची. पुढे एकेक टीम बंद पडत गेली तसतसं ते पटत गेलं.

आजोबा भगूरचे. भगूरहून कॅम्पात दूध घालायचे. महायुद्धाच्या काळात कॅम्पात शिपायांची अशी गर्दी झाली होती की दूध पुरत नसे. मायदेशी परतणारे आणि तिकडून नव्याने आलेले, दोन्ही इथेच मुक्कामाला. परतणारे बोटीची वाट बघत आठवडेच्या आठवडे पडून राहायचे. ऊन, डास आणि रिकामपण. त्यावर फौजेकडे औषध एकच, फुटबॉल. दुपारचा फेरा आटोपला की आजोबा रिकाम्या किटल्या सायकलला अडकवून मैदानाच्या कडेला उभे राहायचे. आत जायची परवानगी नव्हती, पण दूधवाल्याला कुणी हाकलतही नसे.

आजोबांना इंग्रजी येत नव्हतं, पण शिवी कळायची. त्यांचा एक किस्सा आम्ही पोरं पुन्हा पुन्हा सांगायला लावायचो. एका सामन्यात खुर्चीवर बसलेल्या साहेबाने एका चपळ पोराला बाहेर बसवून आपल्या मर्जीतल्या एका जाडजूड सार्जंटला खेळवलं. सार्जंट दोनदा पळाला आणि तिसऱ्यांदा कमरेवर हात ठेवून उभा राहिला. त्याच्या बाजूने गोलावर गोल आत. चूक कुणाची हे दूधवाल्यालाही दिसत होतं. कडेला उभे असलेले शिपाई मात्र ओरडत होते गोलकीपरच्या नावाने. आजोबा सांगायचे, "साहेबाला शिवी घालायची सोय नव्हती रे. मग ती जवळच्याला बसायची." एवढं सांगून ते तंबाखू मळायला घ्यायचे आणि आम्ही विचारायचो, मग त्या चपळ पोराचं काय झालं? ते त्यांना माहीत नव्हतं. बोट लागली असेल त्याची.

आपल्याकडचा संघटित फुटबॉल असाच फौजेच्या रिकामपणातून आला. मुंबईचा रोव्हर्स चषक १८९१ साली सुरू झाला आणि पहिल्याच वर्षी वूस्टरशायर रेजिमेंटने तो नेला. पुढची साडेचार दशकं चषक एका पलटणीकडून दुसरीकडे फिरत राहिला. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सनी तो जिंकला तेव्हा कुठे पहिल्यांदा गोऱ्यांच्या हातून सुटला. आजोबांना यातलं काही ठाऊक नसावं. गोरी फौज गेली, कॅम्पात तोफखान्याची शाळा राहिली, आणि पुढचा सगळा फुटबॉल आमच्या घरात काकांच्या तोंडून आला.

काका करन्सी नोट प्रेसमध्ये होते. दिवसभर नोटा हाताळायच्या आणि सुटताना झडती देऊन रिकाम्या खिशाने बाहेर पडायचं. या माणसाला मुंबईचं वेड लागलं ते रोव्हर्सपायी. त्या वेळी पंचवटी एक्स्प्रेस नव्हती. ती आली १९७५ साली. मिळेल त्या गाडीने जायचं, इगतपुरीला इंजिन जोडण्या-काढण्यात जाणारा वेळ मोजत बसायचं, व्ही.टी.ला उतरून ओव्हल मैदानाच्या कडेकडेने चालत कूपरेज गाठायचं आणि रात्रीच्या गाडीने उभ्याने परत. सकाळच्या पाळीला काका डुलक्या घेत आहेत म्हणजे काल मुंबईची टीम खेळली, हे सगळ्या खात्याला माहीत.

मुंबईची टीम म्हणजे कंपनीची टीम. टाटा स्पोर्ट्स, कॅल्टेक्स, मफतलाल, रेल्वेच्या दोन, पुढे ऑर्के मिल्स, एअर इंडिया. खेळाडू सकाळी कारकून, दुपारनंतर फॉरवर्ड. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवताना तीन गोल मारणारा नेव्हिल डिसोझा हा याच मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. भारत त्या वेळी चौथा आला. काकांच्या लेखी मात्र नेव्हिलचा मोठेपणा वेगळाच होता: "एवढं करून आला तरी कूपरेजला पब्लिक त्याला तोंडावर बोलायचं. पास दिला नाहीस म्हणून. आणि तो ऐकून घ्यायचा."

कॅल्टेक्सने १९५८ साली रोव्हर्स जिंकली, मफतलालने १९६५ साली. मफतलालच्या विजयाची गोष्ट काका सांगायला लागले की चहा दोनदा होतो. एरवी या चषकावर हैदराबाद पोलीस नाहीतर कलकत्त्याचे क्लब हक्क सांगायचे. हैदराबादने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा तो नेला होता, आणि त्यामागे होते सय्यद अब्दुल रहीम. पेशाने शिक्षक. मेलबर्नला भारतीय संघाचे कोच तेच आणि १९६२ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळालं तेव्हाही तेच. पुढच्याच वर्षी कॅन्सरने गेले. काकांच्या हिशेबात आजवर कोच एकच झाला, रहीमसाब. बाकीचे सगळे 'टीमबरोबर डबा खाणारे'.

हे 'डबा खाणारे' प्रकरण मला फार उशिरा कळलं. कंपनीच्या टीमला कोच असायचा, पण अकरा नावं बऱ्याचदा वरून यायची. क्रीडा विभागाचा कुणी साहेब, त्याच्या शेजारी बसणारा कुणी मॅनेजर, त्याच्या भाच्याचा कुणी मित्र. स्टँडात बसलेल्या कामगारांना हे पक्कं ठाऊक असायचं, कारण तीच माणसं सोमवारी त्याच साहेबाकडून रजेच्या अर्जावर सही घेणार. एका सामन्याला काकांच्या शेजारी एका मिलमधला जॉबर बसला होता. टीम हरत होती. मागची पोरं कोचच्या नावाने कोकलत होती. जॉबर शेंगांची टरफलं पायाखाली झाडत वळला आणि म्हणाला, "त्याला कशाला बोलताय? त्याची पण हजेरी लागते." पोरं गप्प झाली. मग त्यातल्या एकाने विचारलं, तर मग बोलायचं कुणाला? जॉबरने मानेनेच वरच्या रांगेतल्या पंख्याखालच्या खुर्च्या दाखवल्या आणि पुन्हा शेंगा सोलायला लागला. पंख्याखाली बघून ओरडायची हिंमत अर्थात कुणाची झाली नाही. पोरांनी लेफ्ट बॅकला धरलं.

काका हा किस्सा हसत सांगतात. मला त्यात आजोबांचा गोलकीपर दिसतो.

त्या पंख्याखाली कधीकधी सिनेमावालेही असायचे. पडद्यावर थरकाप उडवणाऱ्या प्राण यांची मुंबईत डायनामोज नावाची फुटबॉल टीम होती. म्हणजे नट-मालक ही इंडियन सुपर लीगची देणगी नाही. फरक एवढाच की प्राण यांच्या टीमला कुणी 'ब्रँड' म्हणत नव्हतं.

१९८२ च्या जानेवारीत गिरणी संप झाला. गिरण्या गेल्या, त्यांच्यामागे टीमही विरल्या. रोव्हर्स त्यानंतरही धुगधुगत राहिली आणि २००० च्या आसपास संपली. कशी संपली ते काकांना कळलंसुद्धा नाही. एका वर्षी पेपरात आली नाही, पुढच्या वर्षीही आली नाही. एकशे दहा वर्षांची स्पर्धा, आणि तिच्या नावाने ओरडायलाही कुणी समोर उरलं नव्हतं.

आता नाशिकचा खरा संबंध येतो. सातपूरला महिंद्राचा कारखाना आहे. स्कॉर्पिओ तिथेच तयार झाली. घराघरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला, निदान त्यांना माल पुरवणाऱ्या अंबडच्या एखाद्या शेडमध्ये. त्यामुळे १९६२ साली मुंबईत सुरू झालेली महिंद्राची टीम, पुढे महिंद्रा युनायटेड झालेली, ही सातपूरच्या माणसाला अर्धी आपली वाटायची. अर्धीच, कारण खेळायची मुंबईत. पण २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकली तेव्हा नाशिकमध्येही पेढे वाटणारे निघाले. त्याच मोसमात फेडरेशन चषकही त्यांनी घेतला होता. कलकत्ता आणि गोव्याला मागे टाकून महाराष्ट्रातली टीम देशात पहिली. कोच गोव्याचे डेरिक परेरा. काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा रहीमसाबच्या पंगतीत दुसरा पाट मांडला.

आणि मार्च २०१० मध्ये बातमी आली की मोसम संपला की टीम बंद. आता कंपनी शाळकरी मुलांच्या फुटबॉलवर लक्ष देणार. विचार वाईट नव्हता. शाळेतल्या पोरांनी खेळावं यात कुणाला काय हरकत? पण टीम तोट्यातली म्हणावी तर सगळ्याच टीम तोट्यात, हरणारी म्हणावी तर चार वर्षांपूर्वीचे विजेते. कोचवर राग काढावा तर टीम बंद करणारा तो नव्हे. काका दोन दिवस फार बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "मॉडेल बंद केलं. स्पेअर पार्टसुद्धा मिळायचे नाहीत." पुढच्या वर्षी पंजाबात फगवाड्याच्या जेसीटीने शटर ओढलं, तेव्हा ते म्हणाले, ही साथ आहे.

साथ पुण्याला पोचायला पाच वर्षं लागली. पुण्याचं प्रकरण तपशिलात सांगायला हवं, कारण एवढ्या थोड्या काळात एवढे क्लब हातचे घालवणारं शहर दुसरं मला आठवत नाही.

पुणे एफसी २००७ साली आली, अशोक पिरामल समूहाची. कोच पुन्हा डेरिक परेरा, २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा क्रमांक, शिवाय स्वतःची अकादमी. २०१५ साली संपली. त्याच वर्षी कल्याणी समूहाची भारत एफसीही संपली. तिचा तर जन्मच त्याच्या आदल्या वर्षाअखेरीचा, एक मोसम खेळली, तळाला राहिली आणि गेली. डीएसके शिवाजियन्स दोन मोसम आय-लीग खेळून २०१७ साली बाहेर. उरली ती सुपर लीगवाली एफसी पुणे सिटी. वाधवान समूहाची मालकी, हृतिक रोशनची भागीदारी, नारंगी-जांभळे रंग.

भाचा तेव्हा पुण्यात इंजिनिअरिंगला, वाकडला खोली करून राहिलेला. नाशिकमध्ये असताना तो मँचेस्टर युनायटेडचा होता, म्हणजे कॉलेज रोडवरच्या कॅफेत रात्री जागून ग्लेझर कुटुंबाच्या नावाने बोटं मोडणाऱ्या टोळक्यातला. पुण्यात गेल्यावर त्याला प्रत्यक्ष हजर राहून बोटं मोडायची सोय झाली. तो पुणे सिटीच्या समर्थकांच्या ऑरेंज आर्मीबरोबर बसायला लागला. ढोल, पिपाण्या, घसे बसलेले. मार्च २०१८ मध्ये क्लब पहिल्यांदाच उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा त्याने मला हट्टाने बोलावलं. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करत एसटी नाशिक फाट्याला सोडते, तिथून बालेवाडी. ७ मार्चचा बुधवार होता, समोर बेंगळुरू.

बालेवाडीचं स्टेडियम १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेलं. मुळात ते धावण्याच्या शर्यतींचं. त्यामुळे स्टँड आणि मैदान यांच्यामध्ये पळण्याचा आख्खा ट्रॅक. आमच्या मागे एक गृहस्थ बसले होते, ऑफिसमधून थेट आलेले, गळ्यात ओळखपत्र तसंच. ते कोच पोपोविचला 'पोप्या' म्हणत होते आणि त्याला अस्सल सदाशिव पेठी सल्ले देत होते. पोप्या, मार्सेलिन्होला आत घे. पोप्या, घड्याळ बघ. पोप्या, झोपलास का. आठ लेन ओलांडून शिवी पोचेपर्यंत तिच्यात दम राहत नव्हता. सर्बियन माणूस कडेला हातवारे करत होता, त्याला आपल्या नावाचं मराठीत काय झालंय याचा पत्ता नव्हता. गोल कुणाचाच झाला नाही. चार दिवसांनी बेंगळुरूत सुनील छेत्रीने तीन मारले, ३-१, खेळ खल्लास.

तरीही तो पुणे सिटीचा सर्वांत चांगला मोसम होता, आणि त्यानंतर पोपोविच गेला. रेफरींवर तोंड टाकल्याबद्दल त्याला मधे काही सामने बाहेर बसवलं होतं, तेव्हा हेच ओळखपत्रवाले गृहस्थ त्याच्या बाजूने भांडत असणार याबद्दल मला शंका नाही. त्याच्या जागी मिगेल आन्हेल पोर्तुगाल आला. तीन सामने: एक बरोबरी, दोन हार. काढला. मग काही काळ प्रद्युम्न रेड्डी, मग डिसेंबरात फिल ब्राउन, इंग्लंडचा. हा तोच गडी, ज्याने २००८ मध्ये हल सिटीच्या पोरांना मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये न नेता मैदानातच, प्रेक्षकांसमोर बसवून झाडलं होतं. पाच मोसमांत काळजीवाहू धरून सात कोच. इटलीचा कोलोम्बा, इंग्लंडचा प्लॅट, स्पेनचा हबास हे आधीचे. भाचा दरवेळी फोनवर म्हणायचा, "मामा, आता हा गेला ना, बघ, सुधारेल." काका बाजूला बसून ऐकायचे आणि मला खूण करायचे: हजेरी.

ऑगस्ट २०१९ मध्ये मालकांच्या पैशांच्या अडचणीत क्लब मिटला आणि लीगमधली जागा हैदराबादला गेली. नवं नाव, नवे रंग, हैदराबाद एफसी. आणि त्यांचा पहिला कोच कोण? फिल ब्राउन. म्हणजे कोच गेला, काही खेळाडू गेले, मोसमाची जागा गेली, सगळं एका गाडीत बसून गेलं. राहिले फक्त ढोलवाले. सात कोचांना हाकला म्हणून घसा फोडणाऱ्या पोरांच्या लक्षात आलं की आपल्याला सोडून सगळ्यांना तिकीट मिळालं. (ब्राउनला हैदराबादने जानेवारीतच काढलं. बातमी वाचून भाचा अर्धा मिनिट खूश झाला.) दोन वर्षांनी, मार्च २०२२ मध्ये, त्या हैदराबादने लीग जिंकली. त्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, बालेवाडीच्याच क्रीडा प्रबोधिनीत वाढलेला. भाच्याने तो अंतिम सामना पाहिला नाही असं तो सांगतो. पाहिला असावा.

त्याच सुमारास कलकत्त्यात वेगळं घडत होतं. मोहन बागान २०२० साली एटीकेमध्ये मिसळलं आणि नावापुढे एटीके लागलं. समर्थकांनी तीन वर्षं ते नाव उतरवा म्हणून रान उठवलं. टीम जिंकत असतानाही. अखेर मार्च २०२३ मध्ये लीग जिंकलेल्या रात्रीच मालकांनी नाव बदलायचं जाहीर केलं. पुण्याच्या पोरांत जोर कमी होता असं नाही. मोहन बागानमागे १९११ साली गोऱ्या पलटणीला हरवून जिंकलेली शील्ड आहे, पणजोबांपासूनचं वैर आहे, क्लबात सभासद आहेत, निवडणुका आहेत. पाच वर्षांच्या क्लबला पणजोबा कुठून आणायचे? इंग्लंडात विम्बल्डन क्लब मालकांनी दुसऱ्या गावी न्यायला काढला तेव्हा समर्थकांनी २००२ साली स्वतःचाच नवा क्लब काढला आणि खालच्या पायरीपासून वर आणला. जर्मनीत तर बहुतेक क्लबांत निम्म्याहून जास्त मतं सभासदांच्या हाती ठेवायचा नियमच आहे. आपल्याकडे समर्थक म्हणजे तिकीट काढलेला माणूस. त्याने ओरडायचं आणि दारातून बाहेर पडायचं. मला विचाराल तर कोच बदला ही मागणी मॅनेजमेंटच्या सोयीची असते. एक माणूस विमानात बसवला की पब्लिक महिनाभर शांत. पंख्याखालच्या खुर्च्या तिथेच.

२०२५ च्या जुलैत तर सगळी सुपर लीगच थांबली. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला होता, नवा झाला नव्हता, म्हणून पुढचा मोसम स्थगित. क्लबांनी कामकाज बंद ठेवलं, पगार अडकले. काका आता सत्त्याऐंशीचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण पेपर शेवटच्या पानापासून वाचायची सवय कायम. त्यांनी भाच्याला विचारलं, "म्हणजे आता कोचही नाही?" नाही. "टीम?" आहे, पण खेळत नाही. "मालक?" ते कोर्टात काय होतंय ते बघताहेत. काकांनी पेपर घडी केला. "बरं आहे. शिव्या वाचल्या." आणि त्याच वर्षी हैदराबादची, म्हणजे मुळात पुण्याची, ती जागा उत्तरेला सरकली: हैदराबाद एफसीचं स्पोर्टिंग क्लब दिल्ली झालं. बालेवाडीहून निघालेलं ते बिऱ्हाड तिसऱ्या शहरात पोचलं.

या सगळ्यात माझे सासरे कधी बोलत नाहीत, नुसते मिशीत हसतात. ते कोल्हापूरचे, मंगळवार पेठेतले. त्यांच्या लेखी पुण्या-मुंबईत फुटबॉल झालाच नाही, जाहिरात झाली. कोल्हापुरात टीम तालमीची असते. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस. आखाड्यातल्या पैलवानांच्या पोरांनी बॉल हातात, म्हणजे पायात, घेतला आणि राजाश्रयही मिळाला. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० ची. शाहू स्टेडियमवर चुरशीचा सामना असला की पेठेतली दुकानं अर्धी मिटतात. सासरे सांगतात, त्यांच्या तरुणपणी टीम हरली की घरात जेवण वाढायला बायका घाबरायच्या. पेठेतल्या पेठेत गोलकीपरचं घर, कोचचं घर, वर्गणी जमवणाऱ्याचं घर. पळणार कुठं? "आमचा कोच हरल्यावर दूध आणायला मागच्या बोळातनं जायचा," सासरे म्हणतात. "समोरनं गेला तर चार ठिकाणी थांबून हिशेब द्यावा लागायचा, ह्याला का काढलास, त्याला का घेतलास."

गोडवे गाण्यासारखं सगळंच नाही. हुल्लडबाजी आहे, दगड आहेत, स्पर्धा मधेच थांबवाव्या लागल्या आहेत. सामन्यापेक्षा मिरवणुकीचा सोस मोठा असतो आणि एखादं चांगलं पोर पेठेच्या ईर्षेत गुडघा घालवून बसतं. सासऱ्यांना हे बोललेलं चालत नाही. पण एक खरं. मालकाचं मन फिरलं म्हणून तालमीची टीम परगावी गेली असं तिथे होत नाही, कारण न्यायची कुणाकडून? सगळ्या पेठेलाच हलवावं लागेल.

गेल्या उन्हाळ्यात सासऱ्यांनी भाच्याला शाहू स्टेडियमवर नेलं. नाशिकचा पाहुणा म्हणून त्याला पायऱ्यांवर मधली जागा मिळाली, हातात शेंगांचा पुडा मिळाला. मध्यंतरापर्यंत तो गप्प होता. मग सासऱ्यांच्या तालमीच्या कोचने चालत्या फॉरवर्डला बाहेर काढलं आणि याची पुण्याची सवय उसळली. उभा राहून सुरू झाला. ट्रॅक नाही, काही नाही, आवाज थेट बेंचपर्यंत. कोचने मान वर करून बघितलंसुद्धा. तेवढ्यात पुढच्या पायरीवरचा एक म्हातारा मागे वळला. सासऱ्यांपेक्षाही वयाने मोठा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

"पावनं, कुठलं गाव?"

"नाशिक."

"आमच्या कोचला शिव्या द्यायच्या तर द्या. पर आधी वर्गणी भरा."

भाच्याला वाटलं थट्टा. म्हाताऱ्याने शेजारच्या पोराकडून खरोखर पावतीपुस्तक मागवलं. सासरे दुसरीकडेच बघत होते. भाच्याने पाकीट काढलं, पाचशेची नोट दिली, नाव सांगितलं, पावती घडी करून खिशात घातली. मग म्हाताऱ्याने त्याला हाताने खूण केली, बोला. तोवर ज्याला आत आणलं होतं त्यानेच गोल मारला होता, त्यामुळे भाच्याने पैसे वसूल करायला लेफ्ट बॅकवर सुरुवात केली.